एक माणूस जास्त

१

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर लोक आधी बाथरूम बघतात, मग खिडकीतून काय दिसतं ते बघतात. मी दार लावते, बॅग खाली ठेवते आणि खोलीच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवते. एकच. मग ऐकते.

वेडी नाहीये मी. धंदाच आहे तो माझा. नाट्यगृहं, सभागृहं, शाळांचे वर्ग, जिथे जिथे बोललेलं नीट ऐकू येत नाही किंवा नको तेवढं घुमतं, तिथे मला बोलावतात. मीटर माझ्याकडेही आहे, चांगल्यातला आहे, पण तो पिशवीतून बाहेर यायच्या आत माझ्या कानाने निकाल दिलेला असतो. टाळी भिंतीवर आपटून परत येते ती रिकाम्या हाताने येत नाही, बातम्या घेऊन येते. छत केवढं उंच, पडदा जाड की पातळ, गादी कापसाची की फोमची, सगळं सांगते. भिंतींना कान असतात म्हणतात. मला विचाराल तर त्यांना तोंडही असतं, आणि पोटात काही ठेवायची त्यांना अजिबात सवय नसते.

आणि माणसं. माणूस आवाज पितो. अंगावरचे कपडे, केस, खुद्द अंग, सगळं थोडं थोडं पितं. रिकाम्या खोलीत टाळी जितका वेळ रेंगाळते तितकी माणूस आत असताना रेंगाळत नाही, शेपटाकडून जरा आधी विझते. छोट्या खोलीत, न बघता, एका टाळीवर आत किती माणसं आहेत ते सांगायचं, ही माझी खासियत. आजवर एकदाही चुकलेले नाही. एकदाही नाही. हे मी दोनदा सांगते, कारण एकदा सांगून लोकांना पटत नाही. आमच्या व्यवसायात मला टाळीबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझ्यापासून काय लपणार आहे?

यंदाच्या कॉन्फरन्सला मी या कानाच्या जोरावरच आले होते. आमच्या संघटनेच्या अभ्यासक्रमात 'कानाने ऐकणं' हा एक विषय आहे. तो मी उभा केला, केस काळे होते तेव्हापासून मी तो शिकवत आले. यंदा तो काढून टाकायचा ठराव आला होता. ठराव आणणारे प्राध्यापक सज्जन माणूस, पण मीटरशिवाय स्वतःच्या बायकोचा आवाजसुद्धा ओळखायचे नाहीत, म्हणून सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणतात.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण कान काही यंत्र नाही. कानाला सर्दी होते."

"आणि मीटरची बॅटरी जाते," मी म्हटलं.

लोक हसले. मग ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर माझी परीक्षा घ्यायची. दोन फेऱ्या. दोन्ही वेळा आकडा बरोबर सांगितला तर विषय राहील. एकदा जरी चुकले तर विषय गेला. मी लगेच हो म्हटलं. घाबरायचं कशाला? स्वतःच्या कानाला कोण घाबरतं?

२

पहिल्या दिवशी जेवणानंतरच्या भाषणांना मी दांडी मारली आणि शहर बघायला निघाले.

नवं शहर लोक डोळ्यांनी बघतात आणि फोटो काढतात. मी टाळी वाजवत जाते. कमानींखाली दुकानांची लांब ओळ होती, तिथे टाळी खांबाखांबाला टप्पे खात पार टोकाला गेली आणि मजेत परत आली. दोन उंच बँकांच्या मधे एक बोळ होती, तिथे ती चिमण्यांसारखी चिवचिवली. एका जिन्याखाली वाजवली तर ती अशी बद्द वाजली की मी वाकून पाहिलं, आत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. मनात म्हटलं, बघा मीटरसाहेब, बघा.

चौकात वाहतूक पोलिसाने मला हटकलं. "बाई, टाळ्या कशाला वाजवताय?"

"तुमचं काम छान चाललंय म्हणून," मी म्हटलं. बिचारा चक्क लाजला.

रस्त्याखालून जाणारा एक भुयारी मार्ग होता. तिथे बाबागाडी ढकलत चाललेली एक मुलगी माझी टाळी ऐकून थांबली. "काही हरवलंय का, काकू?"

"नाही गं. सापडतंय."

भुयाराच्या पलीकडे बाग होती आणि बागेच्या कडेला, जमिनीला टेकलेलं एक लोखंडी दार. वर पाटी, जुनी पाण्याची टाकी, पाहण्यासाठी खुली. कधीकाळी साऱ्या शहराचं पाणी या टाकीत साठायचं, पुढे नव्या टाक्या झाल्या आणि ही कोरडी पडली, एवढंच तिथे लिहिलेलं होतं. दाराशी रखवालदार खुर्ची टाकून डबा खात बसला होता.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग लोक काय बघतात?"

"तेच," तो म्हणाला आणि डब्यात परत डोकं घातलं.

३

पायऱ्या उतरून खाली गेले. विटांचे जाड खांब, वर विटांच्या कमानी, दूरवर दिव्यांची एक मिणमिणती ओळ. जमीन कोरडी होती, पण भिंतींना हात लावला की गार ओल लागायची. मी एकटीच होते. पायातली चप्पल नुसती सरकवली तरी तो आवाज कुठेतरी फिरून यायचा.

मी टाळी वाजवली.

काय सांगू! एवढ्या खोल्या ऐकल्या, पण असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. टाळी गेली, आणि जातच राहिली. मोठी झाली, पसरली, सगळ्या खांबांना शिवली आणि इतकी सावकाश विझली की कधी संपली ते मलाही कळलं नाही. मला, हं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही जागा जणू माझीच वाट बघत होती असं वाटलं, आणि त्याचा मला अभिमान वाटला. तिथे रोज शे-दोनशे माणसं येऊन जात असतील, पण तिला ओळखणारी मीच.

खोलीतून निघताना मी तिचा निरोप घेते. जुनी सवय आहे. 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आईने लहानपणी कान धरून शिकवलेलं. माणसांना म्हणते तसं मी खोल्यांनाही म्हणते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हटलं, "येते."

शब्द आत गेला, खांबांमधून हिंडला. मग परत आला.

"येतो."

मी तशीच उभी राहिले. आवाज माझाच होता, जरा जाड झालेला. आणि लगेच मला हसू फुटलं, कारण कोडं उलगडलं. ओल्या विटा आवाजातला बारीक भाग खातात, जाड तेवढा परत पाठवतात. 'ए'मधला बारीक भाग काढून घेतला की जे उरतं ते कानाला 'ओ' लागतं. हे मी स्वतः वर्गात शिकवते. माझ्या 'येते'चं टाकीने 'येतो' केलं होतं. पुरुष करून टाकलं मला! अशी मासलेवाईक गोष्ट उद्या भाषणात सांगायला मिळणार म्हणून मी खूष होऊन वर आले.

तरी खात्री करावी म्हणून रखवालदाराला विचारलं, "तुम्ही आत्ता काही बोललात का?"

तोंडात घास होता. त्याने नुसती मान हलवली.

४

परत येताना बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, येते, येतो, येते, येतो. उद्या लोकांना कसं समजावून सांगायचं त्याची तालीम चालली होती.

आणि तिथेच माशी शिंकली. 'येते'मध्ये 'ए' एकदा नाही, दोनदा येतो. विटांनी दुसरा खाल्ला तर पहिला का सोडला? माझं कारण खरं असेल तर 'योतो' यायला हवं होतं. 'योतो' आलं नव्हतं. स्वच्छ, नीट उच्चारलेलं 'येतो' आलं होतं.

असेल काहीतरी, मी स्वतःला म्हटलं. पहिला स्वर वेगळ्या भिंतीवरून आला असेल. हे कारण लंगडं होतं आणि ते मला कळत होतं. माझ्या विद्यार्थिनीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

बस गच्च भरली. माणसं दांड्यांना लोंबकळत उभी होती. माझ्या शेजारची जागा मात्र उतरेपर्यंत कुणी घेतली नाही.

खोलीवर आले तेव्हा नुकतं अंधारायला लागलं होतं. दार लावलं, पर्स ठेवली, सवयीने टाळी वाजवली.

टाळी लवकर विझली.

सकाळी हीच खोली मी ऐकली होती. तेव्हाचा आवाज मला पाठ होता, एकदा ऐकलेली खोली मी विसरत नाही. आताचा आवाज आखूड होता. किती आखूड? एका माणसाइतका.

आधी मला राग आला. कुणी शिरलंय की काय? कपाट उघडलं, बाथरूम पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, या वयात गुडघे टेकून पलंगाखालीही पाहिलं. मग खाली फोन लावला.

"माझ्या खोलीत काही आणून ठेवलंत का? जाड पांघरूण, गालिचा, खुर्ची?"

"नाही मॅडम. दिवसभरात त्या खोलीत कुणी गेलेलंच नाही. काही हवंय का?"

"नको," मी म्हटलं. "काहीच नकोय."

परत टाळी वाजवली. आता नीट कान देऊन. खिडकीशेजारी एक आरामखुर्ची होती. त्या बाजूने आवाज जेवढा यायला हवा तेवढा येत नव्हता.

५

आमच्या ह्यांना फोन लावला. हे घरी बसून माझ्या कामाचे नकाशे काढतात, आणि माझ्या कानाची थट्टा करायचा हक्क जगात फक्त ह्यांना आहे.

"अहो, माझा कान बिघडला असेल का हो?"

"तुझा?" हे हसले. "बिघडला तर मी पेढे वाटीन. मी मागच्या खोलीत डबा उघडला तरी कोणता उघडला ते तुला कळतं. का, काय झालं?"

"खोलीत एक माणूस जास्त ऐकू येतोय."

हे एकदम गंभीर झाले. "मग आधी बाहेर नीघ तिथून. खाली जा, लोकांना बोलाव."

"माणूस नाहीये हो आत. सगळं शोधलं."

"मग कान बिघडलाय."

"कान बिघडलेला नाही!" मी एवढ्याने ओरडले की पलीकडे सासूबाईंनाही ऐकू गेलं.

"अगं मग दोन्हीतलं एक काहीतरी ठरव," हे शांतपणे म्हणाले. "आत माणूस नाही आणि कानही बरोबर, असं कसं होईल?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "तिला म्हणावं उद्या परीक्षा आहे ना, कानात तेल घालून झोप." मी फोन ठेवला. ह्यांचं बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. कान चुकतो म्हणावं तर मीटरसाहेब जिंकले, परीक्षा न होताच. कान खरा म्हणावं तर मी त्या खोलीत एकटी नव्हते.

मी खोली बदलून घेतली. कारण काय सांगितलं? एसीचा आवाज येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरची नवी खोली, मी आधी पाऊलही न ठेवलेली. दारातूनच टाळी वाजवली तेव्हा ती छान मोकळी, रिकामी वाजली. देवा, सुटले! आत आले, दार लावलं, पुन्हा वाजवली.

माझ्यापाठोपाठ तो आत आला होता.

दिवे चालू ठेवून, इथल्याही खिडकीशेजारच्या खुर्चीकडे पाठ न करता मी पडून राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण तिच्याहूनही जास्त चीड येत होती. सकाळी लिफ्टमध्ये एकटीच होते, आरशात एकटीच दिसत होते. टाळी वाजवायचा मोह झाला, पण मी हात खिशात घालून उभी राहिले.

६

मंचावर त्यांनी घुमती खोली उभी केली होती. आतून चहूबाजूंनी फरशा लावलेली, न्हाणीघराएवढी बंद खोली. पुढे दार, ते प्रेक्षकांना दिसणारं. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी खिडकी आणि तिच्यावर काळा पडदा. मी मागे उभी राहणार. प्रेक्षकांतली माणसं पुढून आत जाणार, किती गेली ते मला सोडून सगळ्यांना दिसणार. मी पडद्यातून हात घालून टाळी वाजवायची, खिडकीला कान लावायचा आणि आकडा सांगायचा.

पहिल्या रांगेत माझ्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. काही आता स्वतः शिकवतात, माझ्याच पद्धतीने. विषय गेला तर त्यांचंही जाणार होतं. त्यातल्या एकीने मला अंगठा दाखवला. मी मान ताठ केली आणि खोलीच्या मागे गेले.

पहिली फेरी. दार लागल्याचं ऐकलं, हात आत घातले, टाळी वाजवली.

चार. कान म्हणाला, चार.

पण कालपासून कान एक जास्तच सांगत होता ना? हॉटेलची पहिली खोली, दुसरी खोली. डोकं म्हणालं, एक वजा कर. विषय वाचव.

"तीन," मी म्हटलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तीनच होते. मीटरसाहेब मोठ्या मनाने म्हणाले, "वा, बाई!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकलं एक आणि बोलले दुसरंच. कान सोडून मी वजाबाकी केली होती. मग मीटर काय वाईट होता?

दुसरी फेरी. पावलं वाजली, दार लागलं. मी टाळी वाजवली.

पाच. काही शंकाच नाही. पाचवा तर अगदी खिडकीपाशी होता, माझ्या हातांजवळ. तिथला आवाज जिभेने चाटून पुसल्यासारखा नाहीसा झाला होता.

चार म्हटलं की जिंकले. मला ते स्वच्छ माहीत होतं. सगळं वाचत होतं, विषय, मुली, नाव. पण वजाबाकी करून राहिलेलं नाव घेऊन मी काय करणार होते? उद्या वर्गात उभी राहून कोणत्या तोंडाने सांगणार होते की मुलींनो, कानावर विश्वास ठेवा?

"पाच," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

मग कुजबुज सुरू झाली.

"बाई," मीटरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "चारच गेलेत आत. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलं असेल. मी ऐकलंय. पाच आहेत."

७

मी खोलीला वळसा घालून पुढे आले. मीटरसाहेबांनी दार उघडलं. मोठ्याने मोजत होते. एक बाई बाहेर आल्या. मग एक तरुण, मग त्याच्यामागे आणखी एक. शेवटी पडद्यांच्या कापडाचे एक व्यापारी, जाडजूड, अदबशीर गृहस्थ.

"चार," मीटरसाहेब म्हणाले.

ते गृहस्थ बाहेर आले आणि थांबले. दार त्यांनी हाताने धरून ठेवलं. पोट जरा आत घेऊन वाट मोकळी केली आणि आत बघत म्हणाले, "या ना. या, या." थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मान लववून दार सोडलं आणि आपल्या खुर्चीकडे चालू लागले.

सगळ्यांनी पाहिलं.

मीटरसाहेबांनीच विचारलं. "अहो, दार कुणासाठी धरलंत?"

"ते मागचे..." म्हणत गृहस्थ वळले. मंचाकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि ते होते तिथेच खाली बसले.

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. माझं चुकलं नव्हतं! भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांविरुद्ध, माझा कान एकटा खरा ठरला होता. माझी छाती अशी भरून आली की मी हसतच होते बहुतेक.

"बाई," मीटरसाहेब म्हणाले. त्यांनी घाम पुसला. "एकदा... खोली रिकामी असताना वाजवाल? मला ऐकायचंय."

मीटरसाहेबांना ऐकायचं होतं! मी गेले, पडद्यातून हात घातले आणि मनापासून टाळी वाजवली. ती घुमली. कुठेही न अडता, न चाटली जाता, अगदी शेवटच्या कणापर्यंत घुमत राहिली. मंचावर सगळ्यांना ऐकू गेली.

"रिकामी," मी जाहीर केलं. "पूर्ण रिकामी आहे."

सुटकेचा निःश्वास टाकतात तशा लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग उठून उभे राहून वाजवू लागले. मीटरसाहेबांनी माझा हात हातात घेतला. "ठराव मी मागे घेतो. कान तुमचाच खरा." मुली रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी मंचाच्या मधोमध उभी राहिले. इतकी ताठ मी कधी उभी राहिले नसेन.

आणि तेवढ्यात खोली रिकामी असण्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला.

टाळ्या थांबत नव्हत्या. समोर शेकडो माणसं उभी होती, खांद्याला खांदा लावून, सगळी माझ्याकडे बघत, सगळी हात वर करून. मी कान दिला. जीव ओतून कान दिला. छोट्या खोलीत मी एकेक माणूस ओळखते. पण एवढ्या मोठ्या सभागृहात, एवढ्या गर्दीत, एक माणूस जास्त असला तर ते मलाही ऐकू येत नाही.